निळ्या साल्व्हियाचे डॉक्टर

निळा साल्व्हिया वाढवणं अवघड नाहीये हो, अवघड आहे ते त्याला आल्यागेल्यापासून वाचवणं. ह्या झाडाची गोची अशी की ते ठणठणीत असतानाच आजारी दिसतं, म्हणजे फुलांच्या दांडीवर पांढरी, पिठासारखी लव असते, जन्मजात, आणि ती दिसली रे दिसली की आमच्या सोसायटीत ज्याच्यात्याच्या अंगात कृषी अधिकारी संचारतो.

पहिला नंबर शेजारच्या काकांचा. "भुरी आलीये." म्हटलं काका, भुरी म्हणजे बुरशी, ती पानांवर येते, ही लव आहे, असतेच. "मग मिलीबग, ती पांढरी कीड." आणि संध्याकाळी मी ऑफिसातून यायच्या आत मधल्या जाळीतून आंबट ताक फवारून मोकळे! घरभर कढीचा वास आणि पीठ होतं तिथेच.

त्यात आईला कळलं की हा तुळशीच्या कुळातला, देठसुद्धा तसाच चौकोनी. झालं. रोज अंघोळ झाली की तांब्याभर पाणी. आता हे झाड मूळचं टेक्सास-मेक्सिकोकडचं, त्याला पाच-सहा तास कडक ऊन पाहिजे, वरची माती सुकली की मग पाणी, पाणी साचलं तर मुळं कुजतात, हे सगळं मी सांगतो आणि ती म्हणते, "अरे, उन्हात उभी असते बिचारी, घोटभर नको?" शेवटी कुंडीत वाळू वाढवली, खालची भोकं मोठी केली, म्हटलं घाला पाणी.

एक गोष्ट मात्र तिला लगेच पटली, सुकलेले तुरे खुडले की नवे फुटतात, मंजिऱ्या खुडतो तसंच. फक्त सुकेपर्यंत थांबायचं तिच्या नियमात बसत नाही, त्यामुळे टपोरे निळे तुरे सकाळी सकाळी बाळकृष्णापुढे. मधमाश्या आठ वाजता ड्युटीवर येतात तोवर दुकान बंद.

एरवी त्यांचं काम बघत बसावं असं असतं, माशी मधासाठी डोकं आत घालते तसा फुलातला पुंकेसर खाली येऊन तिच्या पाठीवर पराग थापतो. मी हे काकांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, खूश झाले, म्हणाले, "एक फांदी दे रे लावायला."

दिली तोडून. त्यांनी ती उजेडात धरून उलटसुलट बघितली.

"ही नको, पीठवाली. चांगली बघून दे ना."