लहानपणापासून आवड? बरं, मग पुढे?

ऑक्टोबर उजाडला की इकडे द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू होतात आणि माझ्याकडे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबतचं 'मला काय आणि का शिकायचंय' हे सांगणारं निवेदन) यायला लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरात संपते, म्हणून पोरांचे मसुदे आणि दिवाळीचा फराळ एकदमच घरात येतो. (चकल्या जास्त खुसखुशीत असतात.)

यंदा पिंपळगाव बसवंतचा एक जुना विद्यार्थी आला. डेटा सायन्समध्ये एमएस करायचंय. पहिलंच वाक्य, 'लहानपणापासून मला कॉम्प्युटरची प्रचंड आवड होती.' एका कन्सल्टन्सीनं पैसे घेऊन दिलेला साचा. त्याच आठवड्यात हे वाक्य मी आणखी दोघांकडे वाचलं होतं. तिघांचं लहानपण इतकं सारखं कसं गेलं, कोण जाणे!

म्हटलं, "हे काढ. तुझं लिही."

चार दिवसांनी दुसरा मसुदा. गारपीट, कर्ज, वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी. सगळं खरं, घडलेलं. तरी माझ्या मते हाही साचाच, रागावायचं त्यांनी खुशाल रागवा. बर्कलेसारखी विद्यापीठं आयुष्याची वाटचाल सांगायला पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट वेगळं मागतात, ते सगळं तिथे लिही ना. स्टेटमेंट ऑफ पर्पज वाचणाऱ्या प्राध्यापकाला बघायचं असतं की या पोराला प्रश्न कसला पडलाय आणि त्यासाठी त्यानं आजवर काय खटपट केलीय.

"असा काही प्रश्न नाही मॅडम."

मग चहा पिताना सहज बोलून गेला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला डावणीचा (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) अंदाज सांगणारं मॉडेल केलं होतं, ते घरच्याच बागेत सपशेल आपटलं. का, म्हणून त्यानं वडिलांची फवारणीची वही काढली (एक्सपोर्टच्या बागेला ठेवावीच लागते) आणि तारखा ताडून पाहिल्या. मॉडेलला लांबच्या हवामान केंद्राचं तापमान आणि पाऊस ठाऊक. पण डावणीला पान किती तास ओलं राहिलं ते लागतं. दाट फुटव्यात दव उशिरापर्यंत टिकतं, केंद्राला ते कुठून कळणार?

"अरे, मग हे का नाही लिहिलंस?"

"ते फसलं ना मॅडम."

कपाळाला हात लावला मी. फसलेलं प्रोजेक्ट लपवायचं आणि आवड मात्र मिरवायची, हे आपणच शिकवतो पोरांना. व्हायव्हात 'रिझल्ट का नाही आला' असं दरडावणारे आम्हीच!

तिसरा मसुदा त्या वहीपासून सुरू झाला. विद्यापीठाची स्तुती काढून टाकली, त्यांचं रँकिंग त्यांना माहीत असतं. त्याजागी तिथल्या दोन प्राध्यापकांचं काम याच्या प्रश्नाला कुठे भिडतं ते आलं.

राहिली एम-थ्रीची, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या पेपरची केटी (नापास होऊन मागे राहिलेला विषय). "लपवू का?" ट्रान्सक्रिप्टवर दिसणारच आहे, लपवतोस कुठे? दोन ओळीत सांग, रडू नकोस, पुढे जा.

काल कन्सल्टन्सीकडून मसुदा परत आला. केटीच्या त्या दोन ओळी लाल केल्यात, आणि वर शेरा आहे, 'सुरुवात थोडी इमोशनल करा.'