सोनेरी टॅमरिन आणि पीतज्वराची लस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ब्राझीलमधील सोनेरी सिंह-टॅमरिन या माकडांना पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस देण्याच्या प्रयोगाविषयीचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की रानातल्या प्राण्याचे जगणे-मरणे निसर्गावर सोडावे; नैसर्गिक निवडीत जे तगतील ते तगतील, आणि सुई घेऊन रानात शिरणे हा माणसाचा अहंकार आहे. जिथे त्याच तापाने माणसे दगावली तिथे माकडांवर लस खर्च करणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गात माकडतापाने लोक हैराण असताना ब्राझीलच्या माकडांचे कौतुक कशाला. आणि हे कौतुकही केवळ एका देखण्या प्राण्याच्या वाट्याला येते.

निसर्गावर सोडा असे म्हणताना आपल्या मनात जो निसर्ग आहे, तो रिओ दी जानेरो राज्यातल्या साओ जोआओ नदीच्या खोऱ्यात उरलेलाच नाही. पीतज्वराचा विषाणू मूळचा आफ्रिकेतला. तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांतून अमेरिका खंडात पोहोचला. आफ्रिकेतील माकडे हजारो वर्षे या विषाणूच्या सहवासात असल्याने ती सहसा त्याने मरत नाहीत. अमेरिकेतील माकडांना मात्र ही सवड कधी मिळालीच नाही. दुसरीकडे ऊस, कॉफी आणि गुरांची कुरणे यांसाठी अटलांटिक किनाऱ्यावरचे जंगल तोडले गेले आणि टॅमरिनांच्या वाट्याला विखुरलेले तुकडे आले. 1970च्या दशकात त्यांची रानातील संख्या काही शेकड्यांवर आली होती. आदेलमार कोइम्ब्रा-फिल्यो यांच्यासारख्या ब्राझिली संशोधकांनी धोक्याची घंटा वाजवली, 1974 मध्ये पोसो दास आंतास हे राखीव क्षेत्र स्थापन झाले, आणि 1984 पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली टॅमरिन रानात सोडली जाऊ लागली. या कामात वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील देव्रा क्लाइमन यांचा मोठा वाटा होता. 2014 पर्यंत ही संख्या सुमारे 3,700 झाली. त्यानंतर 2016 ते 2018 या काळात पीतज्वराची मोठी साथ आली आणि सुमारे 2,500 माकडे उरली.

आपण नैसर्गिक निवडीचा दाखला दिला आहे, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. प्रतिकारक्षम जीव तगावेत आणि त्यांचा वंश वाढावा, यासाठी मोठी आणि एकमेकांत मिसळणारी संख्या लागते. चहूबाजूंनी कुरणाने वेढलेल्या लहानशा रानात चार-सहा कुटुंबे उरली असतील, तर कोण वाचेल हे बऱ्याच अंशी योगायोग ठरवतो. तो तुकडा एकदा ओस पडला, की शेजारच्या तुकड्यातून नवी माकडे सहज येऊ शकत नाहीत, कारण टॅमरिन हा झाडावरचा प्राणी असून उघडे मैदान ओलांडायला तो धजावत नाही. म्हणूनच तिथे बीआर-101 या महामार्गावर प्राण्यांसाठी झाडे लावलेला पूल बांधावा लागला. अशा ठिकाणी हात बांधून बसणे हाही माणसाचाच निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी माणसावरच येते.

सुई घेऊन शिरण्याला आपण अहंकार म्हणता. मला या कामात उलट कमालीची सावधगिरी दिसते. ही लस म्हणजे विषाणूशास्त्रज्ञ मॅक्स थायलर यांनी 1930च्या दशकात विकसित केलेल्या 17डी या दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूचीच एक शाखा. ती रानात थेट वापरली गेली नाही. आधी बंदिस्त अवस्थेतील, जवळच्या नात्यातल्या टॅमरिनांना वेगवेगळ्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) दीर्घकाळ तपासण्यात आली. रानातले लसीकरण 2021 मध्ये सुरू झाले. केळ्याचे आमिष ठेवलेल्या पिंजऱ्यांत माकडे पकडली जातात, तपासली जातात, लस दिली जाते आणि त्यांना पुन्हा त्यांच्याच रानात सोडले जाते. 2022 पर्यंत तीनशेहून अधिक माकडांना लस मिळाली होती, दुष्परिणाम आढळले नव्हते, आणि पुन्हा पकडून तपासलेल्यांपैकी 90 ते 95 टक्क्यांत प्रतिकारशक्ती दिसून आली. 2023 च्या गणनेत एकूण संख्या सुमारे 4,800 भरली. मात्र या वाढीचे सारे श्रेय लशीला देणे चुकीचे ठरेल, कारण तोवर साथ ओसरली होती आणि जंगल जोडण्याचे कामही चालू होते. लशीचा खरा उपयोग पुढच्या साथीत कळेल.

माणसांच्या तोंडचा घास काढून तो माकडांना दिला गेला, हा आरोप मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. त्या साथीत ब्राझीलमध्ये सातशेहून अधिक माणसे दगावली आणि 2018 मध्ये लस पुरावी म्हणून काही राज्यांत कमी मात्रेत द्यावी लागली, हे खरे आहे. परंतु रानातील माकडांना लस त्यानंतर तीन वर्षांनी देण्यात आली. ही लस बनवणारे ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठान लाखो मात्रा तयार करते. त्यापुढे काहीशे माकडांची गरज नगण्य आहे. त्या साथीत घाबरलेल्या लोकांनी अनेक माकडे मारली. पण हा ताप झाडांच्या शेंड्यांवर वावरणाऱ्या हिमॅगॉगस आणि सॅबेथीस या डासांमुळे पसरतो. माकड माणसाला थेट रोग देत नाही. माकडे आधी मरतात आणि त्यामुळे माणसांना इशारा मिळतो.

सिंधुदुर्गाचा आपला उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर रानात माकडे मरू लागली, तेव्हा आधी पीतज्वराचीच शंका आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला आणि गोचिडींमार्फत पसरणारा वेगळा विषाणू सापडला; हाच माकडतापाचा विषाणू. तोही पीतज्वराच्याच कुळातला. दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातील सत्तरी या भागांत आज मेलेले माकड दिसताच आरोग्य खात्याला कळवा असे सांगितले जाते, ते याच ज्ञानाच्या आधारावर. त्यामुळे ब्राझीलचे काम आपल्याला परके मानता येणार नाही.

देखणेपणाविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे. सोनेरी टॅमरिन ब्राझीलच्या 20 रियालच्या नोटेवर आहे. हाउलर माकडाला असे भाग्य लाभलेले नाही, आणि पीतज्वराने सर्वाधिक मारले ते हाउलरांनाच. मिनास जेराइसमधील कारातिंगा येथे संशोधक कॅरेन स्ट्रायर 1980च्या दशकापासून म्युरिकी माकडांचा अभ्यास करत आहेत; त्या रानातील बहुसंख्य हाउलर या साथीत नाहीसे झाले, म्युरिकींची हानी मात्र तुलनेने कमी झाली. हाउलर पाने खातो आणि उंच शेंड्यावर राहतो, त्यामुळे तो केळ्याच्या आमिषाने पिंजऱ्यात येत नाही आणि टॅमरिनांसाठी वापरलेली पद्धत त्याला लागू पडत नाही. त्याच्यासाठी सध्या करता येण्यासारखे काम म्हणजे उरलेली राने जोडणे, आसपासच्या माणसांचे लसीकरण पूर्ण करणे आणि माकड मारल्याने ताप थांबत नाही हे गावोगाव सांगत राहणे. हाउलरांविषयी लिहिण्याची आपली सूचना मी स्वीकारतो. पुढचा लेख त्यांच्यावरच असेल.