‘कोंबड्या पाळायच्या तर गावाला जाऊन ऱ्हावा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, मुलानं मोबाईलवरनं मोठ्यानं वाचून दाखवली आणि तो तिसऱ्या ओळीवर येईपर्यंत तव्यावरची करपली. कडक भाकरी करायची होती म्हणून खपवली, सोलापुरात खपतं ते. तीन दिवस मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण रागात लिहायला बसले की माझं सगळं ‘काय बे’नं सुरू होतं आणि पुढचं लिहिण्यासारखं नसतं.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेजारच्या अण्णांचा कुत्रा रॉकी एका पहाटे आमच्या आवारात शिरला आणि माझ्या नऊपैकी सात कोंबड्या मारल्या, त्यावर मी लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं की कोंबड्या पाळायच्या तर गावाला जाऊन ऱ्हावा, शहरात लोकांच्या नाकाला ताप कशाला, कुत्र्याला ‘खुनी’ म्हणता पण खुराडं तुम्हीच धड बांधलं नव्हतं, आणि तुमच्या कोंबड्या कधी कुणाच्या दारात गेल्याच नाहीत का. वर एकानं ‘भज्यात औषध घालून टाका’ असं लिहिलं तर त्याला तुम्ही हसायचा इमोजी दिलात, शोभतं का.

शेवटाकडनं सुरू करते. नाही शोभत. दिला होता मी तो इमोजी, खोटं कशाला बोलू. सात कोंबड्या पोत्यात भरून नुकत्या पुरल्या होत्या आणि कुणीतरी आपल्या बाजूनं बोलतंय एवढंच डोक्यात शिरलं. आता ती कमेंट काढून टाकलीय. ज्या भावानं लिहिली त्याला सांगते, जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा राहू दे बाजूला, पण ते भजं रॉकीच खाणार ही गॅरंटी कोण देणार, आमच्या गल्लीत कावळे आहेत, मांजरं आहेत, दोन शेळ्या दिवसभर उकिरड्यावर असतात, आणि दीड वर्षाचं एक पोरगं आहे जे खाली दिसेल ते तोंडात घालतं.

आता ‘खुनी’. हा शब्द मी मागे घेते, पण तुम्ही म्हणता म्हणून नाही, बघितलं म्हणून. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको, त्या दिवशी पहाटे चारला आलं. नळ आला की अख्खी गल्ली उठते, मोटरी सुरू, ज्याची त्याची पाईप रस्त्यावर. अण्णांनी गेट उघडून पाईप ओढली आणि पाईप मध्ये आल्यामुळं गेट काही लागलं नाही. रॉकी त्या वितभर फटीतनं बाहेर. पाच मिनिटांत आमच्याकडं कोंबड्यांचा कालवा सुरू.

मुंगूस आलं तर एक कोंबडी जाते, बोका आला तर पिल्लू उचलतो, घार वरनं येते आणि जाते, यांचं सगळं पोटासाठी असतं. रॉकीनं रात्री दूध-भाकरी खाल्लेली होती. कोंबडी फडफडली की तो धरायचा, दोन झटके द्यायचा, ती गप्प झाली की टाकून दुसऱ्या फडफडणारीकडं. सातातली एकही खाल्लेली नव्हती, एवढंच काय रक्तसुद्धा फारसं नव्हतं, नुसती पिसं. शेपूट हलत होतं हो त्याचं. खेळत होता तो! शेवटची तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, त्याच्या तोंडात होती, ती सोडवायला मी हात घातला तर शेपटाची चार पिसं माझ्या मुठीत आली आणि त्याचा दात मनगटाला घासला.

रक्त आलं नव्हतं, नुसतं खरचटलं, तरी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं (पाणी आलेलं होतं हे त्यातल्या त्यात नशीब) आणि अण्णांना विचारलं की रॉकीच्या रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवा. कार्ड सापडेना. खरा भांडणाचा भडका तिथं उडाला, कोंबड्यांवरनं नाही. म्हणून मी सुया घेतल्या, सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीत थोडी थोडी टोचतात, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. आणि बऱ्याच जणांनी विचारलंय त्यांना, नाही, कोंबडीला रेबीज होत नाही, तो दूध पिणाऱ्या जनावरांचा रोग आहे, तरीपण आम्ही त्या खाल्ल्या नाहीत, घशाखाली गेल्या नसत्या.

खुराड्याचं तुमचं बरोबर, एकदम बरोबर. माझ्याकडं ती षटकोनी भोकांची कोंबडीजाळी होती, ती कोंबडी आत ठेवायला असते, कुत्रं बाहेर ठेवायला नसते. दातांनी आणि पंजांनी पाच मिनिटांत उचकटली. आता वेल्डची जाड तारेची जाळी लावलीय आणि खाली जमिनीलगत बाहेरच्या बाजूला दीड फूट जाळी आडवी पसरून वर फरशीचे तुकडे टाकलेत, कारण कुत्रं जाळीच्या अगदी बुडाशीच उकरायला लागतं, मागं सरकून उकरायची अक्कल त्याला नसते. कडीच्या जागी कुलूप. खर्च किती आला ते सांगत नाही, आमचे हे वाचतात इथं.

पण ‘गावाला जाऊन ऱ्हावा’ हे मी ऐकून घेणार नाही. आमच्या गल्लीत डाव्या हाताला यंत्रमाग चालतो, दिवसभर धडधड धडधड, समोर मसाला कांडतात, मिरची कांडली की आम्ही सगळे शिंकत बसतो. त्यांना कुणी गावाला जा म्हणत नाही कारण ते धंदे आहेत. माझ्या सासूबाई विड्या वळायच्या आणि परसात कोंबड्या असायच्या, विडीचा पैसा घरात जायचा, अंड्याचा पैसा त्यांचा स्वतःचा. मी तेच चालवलंय. वासाचं म्हणाल तर नऊ कोंबड्यांचा वास येतो तो ओल राहिली तर, खाली भुसा टाकून वर राख मारली आणि दोन दिवसाला खालीवर केलं तर तुमच्या नाकाला कळणारसुद्धा नाही. कोंबडा होता तो चारला बांग द्यायचा आणि अण्णांच्या सुनेचं बाळ उठायचं म्हणून गेल्या वर्षीच माहेरी देऊन टाकला. आता बसवायला अंडी तिथनं आणते.

आणि आता ते, जे मी मागच्या वेळी लिहिलंच नव्हतं आणि तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत.

होय, जायच्या. रोज जायच्या. पत्र्याचं खुराडं, एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो, आत कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात, म्हणून मी संध्याकाळी पाचला सोडायची ती अंधार पडेपर्यंत. त्या सरळ अण्णांच्या घरच्या अक्कांच्या कुंड्यांत. मोगरा उकरून काढला, कढीपत्त्याचं रोप दोनदा. अक्का तीन वेळा सांगायला आल्या, तिसऱ्यांदा उखडलेलं रोप हातात घेऊन, आणि मी काय म्हणाले असेन? ‘कोंबडीला काय कळतंय हो अक्का.’ त्या पहाटे मी मेलेली तलंग हातात धरून त्यांच्या दारात उभी होते तेव्हा अण्णा म्हणाले, ‘कुत्र्याला काय कळतंय वैनी.’ अक्का मागं उभ्या होत्या, माझ्याकडं बघत. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यात भर म्हणजे संध्याकाळी रॉकी तिथंच साखळीला बांधलेला असायचा. दोन वर्षं माझ्या कोंबड्या त्याच्या नाकापासून तीन-चार फुटांवर उकरत होत्या आणि तो साखळी ताणून बघत होता. पहिल्यांदा साखळीशिवाय बाहेर पडला तर तो दुसरीकडं कुठं जाणार होता?

तरी पण दादा, कढीपत्ता आणि सात कोंबड्या हे एका तागडीत घालू नका. अण्णांनी भरपाई म्हणून काय हिशेब केला माहितीय? ब्रॉयलरच्या भावानं, किलोवर! गावरान तलंग, नुकती अंड्याला आलेली, वर्षाला 60-70 अंडी देणारी, आणि हे मला चिकनच्या दुकानातला रेट सांगायलेत. मी पैसे घेतले नाहीत. (मानी म्हणून नाही, आकडा पटला नाही म्हणून.)

काहींनी लिहिलंय महापालिकेची कुत्री धरणारी गाडी बोलवा. गाडी भटक्यांसाठी असते, आणि त्यांच्यासाठीसुद्धा 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून, कानाला खाच मारून, परत त्याच जागी सोडायचं असतं, सुप्रीम कोर्टानं 22 ऑगस्ट 2025 ला रेबीजची आणि चावरी वगळून तेच सांगितलं. रॉकीच्या गळ्यात पट्टा आहे आणि त्याला मालक आहे, त्याची लस, नसबंदी, गेट सगळं मालकाकडं. कुत्र्यापासून माणसाला धोका होईल असं निष्काळजीपणानं ठेवलं तर न्याय संहितेचं कलम 291 आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी तक्रार दिली नाही. द्यावी का नाही यावर आमच्या घरात अजून दोन पार्ट्या आहेत.

तुम्ही विचारलंय रॉकीचं काय केलं. काही नाही, आहे. अण्णांनी त्याला नवीन लस दिली आणि कार्डाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली एक शब्द नाही. नळ येतो त्या पहाटे आता आधी त्याला जिन्याखाली बांधतात, मला साखळीचा आवाज येतो. माझी एक कोंबडी त्या रात्री शेवग्यावर चढली म्हणून वाचली आणि एक खुडूक होती, घरात डालग्याखाली अंड्यांवर बसलेली, तिची सहा पिल्लं निघालीत. त्यांना मी अजून बाहेर सोडलेलं नाही, संध्याकाळचं सोडणं बंदच केलंय, खुराड्यावर पोतं टाकून ते भिजवत राहते. अक्कांनी मोगरा परत लावलाय, त्याच जागी.

शेवटची सुई मंगळवारी आहे. अण्णा परवा गेटातनंच म्हणाले, गाडीवर सोडतो. मी अजून हो म्हणाले नाही.