ओळख असली की काम होतं, नसली की?

काल रात्री घाटावर जे झालं ते सकाळपासून डोक्यातनं जाईना, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर लिहून काढतोय. आमचा कट्टा म्हणजे सांगलीत आयर्विन पुलाच्या जवळ, मावशींच्या चहाच्या गाड्याशेजारचा दगडी कठडा. रात्री नऊनंतर आम्ही तीनचार जण असतोच. मी, बापू जो मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, आमच्या शाळेतले रिटायर झालेले सर, आणि सध्या सुट्टीवर आलेला पप्या. पप्या सहा वर्षं जर्मनीत आहे, स्टुटगार्टला.

विषय त्यानंच काढला. तिकडं आता पाच वर्षं झाली की नागरिकत्वाला अर्ज करता येतो, आणि 2024 च्या जूनपासून जुनं नागरिकत्व सोडायची अट त्यांनी काढून टाकली. पण आपल्याकडं दोन चालत नाहीत. सर लगेच म्हणाले, "1955 चा कायदा, कलम 9. दुसऱ्या देशाचं घेतलंस की आपलं आपोआप गेलं." म्हणजे निळा पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढायचं, त्याच्यावर कधीपण येता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वडिलांची आहे ती वारसानं राहते तेवढीच.

बापूनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हंजे बापाच्या रानात तू पावणा व्हणार?"

पप्या म्हणाला, रानाच्या कामासाठीच तर आलोय आणि तिथंच डोकं फिरलंय. त्याचे वडील गेल्या वर्षी वारले, सातबाऱ्यावर वारस नोंद लावायची होती. कागद सगळे घेऊन एका ऑफिसात गेला तर साहेब मीटिंगला, परवा या. परवा गेला तर एक कागद कमी, जो पहिल्यांदा कुणी सांगितलाच नव्हता. मग त्याच्या मामानं कुणाला तरी फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी त्याला आत बोलवून खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज दाखल झाला, नोटीस निघाली. "आणि बाहेर बाकड्यावर एक माणूस बसलेला, पिशवी मांडीवर घेऊन. मी तिन्ही दिवस बघितला त्याला. तो माझ्या आधीपासनं येतोय. मी त्याच्या समोरनं आत गेलो रे."

पुढं म्हणाला, तिकडं पण काय लगेच होत नाही, परमिटच्या अपॉइंटमेंटला चार महिने थांबलोय, पण त्या चार महिन्यात माझ्या पुढं कुणी घुसलं नाही आणि मी कुणाच्या पुढं घुसलो नाही, आणि मला कुणाचा फोन लागला नाही. ह्याचं किती बरं वाटतं ते तुम्हाला हितं बसून नाही कळायचं.

बापू तसा शांत माणूस, पण काल भडकला. त्याचं घर गावभागात. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटाच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45 फूट, तेव्हा बापूच्या घरात खालचा मजला पूर्ण पाण्यात होता आणि तो, म्हातारी आई आणि दोन पोरं गच्चीवर. तो म्हणाला, "आम्हाला बोटीत घेतलं त्यानं माझं नाव इचारलं न्हाई, जात इचारली न्हाई. शाळेत नेऊन ठेवलं तिथं पहिला टेंपो आला तो आटपाडीकडनं, भाकरी आणि खर्डा. अरे ज्यांच्या विहिरीला पाणी न्हाई त्या लोकांनी आमच्यासाठी भाकऱ्या थापल्या. फडक्यात बांधलेल्या, मधल्या भाकरी अजून गरम हुत्या. तुझ्या जर्मनीत येईल का कोण असं?"

हे बापू प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी "गरम हुत्या" म्हणताना त्याचा आवाज बदलतो. मला त्यात खोटं काहीच दिसत नाही. त्या आठवड्यात ह्याच नदीवर ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तरी दुसऱ्या दिवशी पोरं परत बोटी घेऊन पाण्यात होती.

पप्या जरा वेळ गप्प बसला आणि मग त्यानं जे सांगितलं ते त्यानं आम्हाला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षापूर्वी तो बर्फावरनं पडला, उजव्या हाताचं मनगट मोडलं. समोरच्या दारात एक बाई राहतात, तीन वर्षं रोज गुड मॉर्निंग. प्लास्टर घालून आला त्याच्या चौथ्या दिवशी दारावर चिठ्ठी, की ह्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची होती. त्या भागात बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची आठवड्याची पाळी असते. "डाव्या हातानं झाडला मी जिना, आणि झाडताना रडलो." हे ऐकून बापूनं नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सर म्हणाले ते पण महत्त्वाचं आहे. त्यांनी बऱ्याच वेळा इलेक्शन ड्युटी केलेली आहे. ते म्हणाले, "गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी मतदान केंद्र लावायचे, सगळा स्टाफ, मशीन, पोलीस, एका माणसासाठी. हा देश एका माणसापर्यंत जातो. ते मत तू सोडणार का, एवढंच मला तुला विचारायचंय." बापूनं लगेच मिरजेच्या पाण्याच्या रेल्वेचं काढलं. 2016 च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेतनं वॅगन भरून पाठवलं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. मी स्वतः मिरज स्टेशनला बघायला गेलेलो.

आणि इथं मला राहवलं नाही. माझं दुकान झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं, दिवसभर माझ्यासमोर देश रांगेत उभा असतो. महिनाभर एक आज्जी येतेय. उभा जन्म हळदीच्या कामात गेला, काढणी, मोडणी, निवडणी. तिची पेन्शन बंद झालीय कारण हयातीचा दाखला झालेला नाही, आणि दाखला होत नाही कारण मशीन तिचा अंगठा घेत नाही. मी तिचा अंगठा हातात धरून बघितला, त्याच्यावर रेघाच नाहीत. झिजून गुळगुळीत झालाय, भेगांमध्ये फक्त पिवळं राहिलंय, ते साबणानं जात नाही. ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, व्हॅसलिन लावून बघितलं, दहाच्या दहा बोटं लावून झाली. चेहऱ्यावरनं करायला गेलो तर तिला मोतीबिंदू, स्क्रीन काय सांगतेय ते दिसत नाही. ऑफिसात पाठवली तर तिथनं सांगतात आधी अंगठा अपडेट करून या, आणि अपडेट करायला गेलं तर तिथं पण अंगठाच घेत नाही. परवा ती मला म्हणाली, "लेकरा, मी जित्ती हाय हे तू लिहून दे की." काय लिहून देऊ मी?

तर मी सरांना म्हणालो, सर, जंगलात एका माणसासाठी मशीन नेता येतं, वॅगन भरून पाणी नेता येतं, बापूला गच्चीवरनं नाव न विचारता उतरवता येतं, मग हिच्या दाराशी एक माणूस जाऊन ही जिवंत आहे एवढं का बघून येऊ शकत नाही? महापुरात आपल्यात कुणी ओळख विचारत नाही, आणि पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, की त्याच लोकांत त्याच गावात पहिला प्रश्न, तुमची कुणाशी ओळख आहे का? मला हा देश आवडतो तो त्या पुरातल्या आठ दिवसांचा. बाकीचे दिवस आपण पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या समोरनं आत जातो, आणि ज्याला मामा नाही तो बसून राहतो.

सर म्हणाले, "ओळखीनं काम होतं हे वाईटच आहे असं नाही, माणूस माणसाला ओळखतो म्हणूनच तर भाकरी आली." पप्या म्हणाला, भाकरी अनोळखी माणसाला आली सर, तोच तर मुद्दा आहे. इथं दोघांचा आवाज चढला.

मावशी इतका वेळ पातेलं घासत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरांनो, माझं पण ऐका." आम्ही गप्प. मार्च 2023 पासनं एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासनं त्या दर महिन्याला जतला माहेरी जातात, आधी वर्षातनं एकदा जायच्या, भाऊ म्हणतो तू आता लई येतीस. हे सांगताना हसल्या. मग म्हणाल्या, "पण मी दुपारी दोननंतर पाणी पीत न्हाई. हितं आसपास बाईमाणसाला जायाला जागा न्हाई. गाडा बंद करून घरी जाऊस्तवर अकरा वाजत्यात. डॉक्टर म्हणतोय मुतखडा हाय, पाणी प्या."

बारा वर्षं त्यांच्या गाड्यावर चहा पितोय आम्ही. चौघांपैकी एकाच्या पण डोक्यात हे कधी आलं नव्हतं. सरांनी चष्मा काढून पुसला. पप्या म्हणाला, "मावशी, ह्याचा अर्ज कुणाकडं द्यायचा असतो?" त्या म्हणाल्या, "दिलेला हाय, दोनदा." मी त्यांच्याकडनं तारखा घेतल्या, पोच आहे का विचारलं, एकाची आहे, ती आज घेऊन येतो म्हणाल्या.

उठताना साडेअकरा झालेले. पप्याची सुट्टी मंगळवारी संपते, नागरिकत्वाच्या अर्जाचं त्यानं काय ठरवलंय ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही पण परत विचारलं नाही. पुलाकडं चालताना मी म्हणालो की सोमवारी दुकान बंद ठेवून त्या आज्जीबरोबर स्वतः जाणार आहे, मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत, तिथले एकजण माझ्याकडं फॉर्म भरायला येतात, त्यांना आधी फोन करतो.

बापू म्हणाला, "म्हंजे आता तू झालास तिची ओळख."

"व्हय," पप्या म्हणाला, "आणि तिच्या मागं रांगेत असंल तिचं काय?"