अंगावरून जात नाही म्हणजे कॅन्सर नाही, असं कोण म्हणतं?

आमच्या सिडकोतल्या बायकांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच फॉरवर्ड फिरतोय. म्हणे अंगावरून जात नसेल तर बाईला तिथला कॅन्सर असूच शकत नाही, पाळी गेल्यावर डाग लागला तर ती उष्णता, पॅप स्मिअर ही तपासणी नॉर्मल आली की काळजी मिटली, आणि अगदीच शंका असेल तर सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करून मोकळं व्हा. चारही चूक.

पहिल्याबद्दल जरा सविस्तर बोलते कारण ते घरात बघितलंय. पंचवटीतल्या माझ्या मावशीला ओव्हरीचा, म्हणजे बीजांडकोशाचा, कॅन्सर निघाला, रक्ताचा एक थेंब गेला नव्हता. झालं काय, तर मिसळीबरोबर तीन पाव संपवणारी बाई अर्धी वाटी टाकून उठायला लागली, पोट गच्च झालं म्हणायची, मग परकराची नाडी पुरेना, सारखी लघवी, आणि हातपाय मात्र काड्या. आम्ही वर हसायचो, मावशी पोट सुटलं तुझं! चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या. शेवटी एका डॉक्टरबाईंनी पोटावर बोटं वाजवून बघितली, कुशीवर वळवून परत वाजवली आणि म्हणाल्या पाणी झालंय, आजच सोनोग्राफी करा. ते पाणी काढून तपासलं तर त्यात कॅन्सरच्या पेशी.

पोट फुगणं, दोन घासात भरणं, ओटीपोट दुखणं, घाईची लघवी, हे पन्नाशीच्या पुढे नव्याने सुरू झालं आणि महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस होत असेल तर गॅस म्हणून सोडू नका. कधीकधी तर आधी एकच पाय सुजतो, शिरेत गुठळी झालेली असते, किंवा छातीत पाणी होऊन धाप लागते.

उष्णतेचं म्हणाल तर, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डागसुद्धा दाखवायचाच. शंभरातल्या नव्वदेक जणींना कॅन्सर निघत नाही हे खरंय, पण आपण उरलेल्या दहांत नाही हे सब्जा पिऊन कसं कळणार? आतून सोनोग्राफी करतात, गर्भपिशवीचं अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर तुकडा काढून बायोप्सी.

पॅप स्मिअर फक्त पिशवीच्या तोंडासाठी, ओव्हरीचं त्यात काही कळत नाही.

आणि सीए-१२५ फायब्रॉइडमध्ये (पिशवीतल्या साध्या गाठी) वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं) वाढतो, पोटाच्या टीबीत वाढतो, अहो पाळी चालू असताना पण वाढतो, आणि ओव्हरीचा कॅन्सर पहिल्या स्टेजला असेल तर साधारण निम्म्या जणींत नॉर्मल येतो. नुसता तो करून मोकळं कसं होणार?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकूंनी हात जोडलेला इमोजी पाठवला. फॉरवर्ड अजून तिथेच आहे.