चारदा फिरवा म्हणे! पण किती?

पहिली पाळी होती, म्हणून पहाटे साडेपाचला चहा टाकला होता. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, दोनदाऐवजी दिवसातून चारदा फिरवलं तर चालेल का रे? सिडकोच्या मामींनी पाठवलंय, त्यात तसं लिहिलंय. शाळा सुरू व्हायच्या आत उरकेल." जबड्यावरच्या यंत्राचा स्क्रू फिरवायची किल्ली तिच्या हातातच होती आणि भाचा समोर मान वर करून बसला होता. आधी विचारलं म्हणून वाचलो.

भाचा 11 वर्षांचा. चौथ्या वर्षी ओट्यावरून हनुवटीवर पडला. कानापुढचा सांधा हळूहळू जखडत गेला, तोंडात बोट जाईना, खालचा जबडा वाढायचा राहिला. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा, दचकून उठून बसायचा. म्हणून दोन्ही बाजूंना जबड्याचं हाड कापून त्यावर स्क्रूचं यंत्र बसवलंय. स्क्रूचं टोक कातडीतून बाहेर आहे आणि ते घरच्यांनी रोज किल्लीने फिरवायचं. कापलेले तुकडे एकमेकांपासून हळूहळू लांब जातात आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं.

मामींच्या मेसेजचं नाव 'जबडा वाढवण्याचं रहस्य, डॉक्टर सांगणार नाहीत'. त्यातले दावे असे: हाड ताणलं की वाढतं, तेव्हा रोज पंधरा मिनिटं टॉवेलने हनुवटी पुढे ओढा. स्क्रू बसवला असेल तर चारदा फिरवा, निम्म्या दिवसांत काम होतं. ऑपरेशननंतर स्क्रू न फिरवता 'थांबण्याचा आठवडा' म्हणजे बिल वाढवायची युक्ती. लांबी मिळाली की यंत्र लगेच काढून घ्या. शेवटी डिंक, मेथी आणि हाडजोडीचा काढा. सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आलाय.

मी डॉक्टर नाही. 22 वर्षं लेथवर काढली आहेत. पण हे प्रकरण अर्धं आट्यांचं आहे, आणि उरलेलं अर्धं भाच्याच्या सर्जनला छळून छळून विचारून घेतलंय.

आधी ते 'चारदा', कारण त्यानेच पोराचा जबडा बिघडला असता.

भाच्याच्या यंत्रात एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. हे यंत्रागणिक वेगळं असतं, तेव्हा माझा आकडा कोणी उचलू नका. सकाळी एक, संध्याकाळी एक, दिवसाला 1 मिमी. मामींच्या हिशेबाने चार फेरे म्हणजे 2 मिमी. नवा पोऱ्या कामावर आला की हेच करतो. लवकर उरकायचं म्हणून फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, दुप्पट करतो, मग टूल मोडतं नाहीतर जॉब भंगारात जातो. भंगार झालेला जॉब बदलता तरी येतो.

हा 1 मिमी कुणाच्या मनाला आला म्हणून ठरलेला नाही. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह नावाचे सर्जन होते. 1950 च्या दशकापासून त्यांनी पायाची हाडं तारा-कड्यांच्या चौकटीत धरून लांबवली. 1989 साली त्यांचे दोन लेख इंग्रजीतून आले, कुत्र्यांच्या नडगीवरच्या प्रयोगांचे. दिवसाला अर्धा, एक आणि दोन मिमी असे तीन वेग त्यांनी तपासले. अर्ध्याने हाड पुष्कळदा वेळेआधीच जुळून बसायचं आणि पुढे ताणताच यायचं नाही. दोनने ताणल्या जाणाऱ्या पेशीजालांची नासाडी व्हायची. एक मिमी बरोबर बसला.

आता गंमत बघा. त्याच प्रयोगांत त्यांनी दिवसाचा 1 मिमी एका दमात, चार हप्त्यांत आणि मोटर लावून 60 हप्त्यांत देऊन पाहिला. जितके बारीक हप्ते, तितकं हाड चांगलं. म्हणजे 'चारदा' ही गोष्ट मुळात खरी आहे, एवढं मला मान्य करावं लागतं. पण ते चार वेळा पाव-पाव मिमी. बेरीज तीच एक. मेसेज लिहिणाऱ्या शहाण्याने 'चार' उचलले आणि 'पाव' सोडून दिला. औषधाची एक गोळी चार तुकडे करून घ्या म्हटल्यावर चार गोळ्या गिळण्यातला प्रकार.

दुप्पट वेगाने नेमकं काय बिघडतं, हे सर्जननी मला कागदावर काढून दाखवलं. कापलेल्या फटीत आधी रक्ताची गाठ धरते, मग तिथे मऊ, तंतूंचा भराव तयार होतो. तो ताणला की त्यातले तंतू ताणाच्या दिशेने सरळ रांगेत लागतात. मला लगेच येवल्याच्या मागावरचा ताणा आठवला. त्या तंतूंच्या जोडीने बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे नवं हाड सरकत येतं. अगदी मधला पट्टा मात्र ताण चालू असेपर्यंत मऊच राहतो. ताण एवढाच हवा, की पेशींना वाढायचा इशारा मिळेल आणि रक्तवाहिन्यांना मागोमाग यायला सवड मिळेल. घाई केली की रक्तपुरवठा मागे पडतो आणि फटीत हाडाऐवजी चिवट तंतूच राहतात. शिवाय खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते. ती हिसक्याने ताणली तर खालचा ओठ बधिर होऊ शकतो. दाढीला वस्तरा लागला तरी न कळणारा ओठ घेऊन पोराने जगायचं, कारण मामींना शाळेची तारीख गाठायची होती!

'नवजात बाळांना डॉक्टर स्वतःच जास्त वेगाने करतात' असंही मेसेजमध्ये आहे. करतात. जबडा फार लहान असून जीभ मागे पडते आणि श्वास कोंडतो, अशा तान्ह्या बाळांत दिवसाला दीड-दोन मिमीसुद्धा देतात, कारण त्यांचं हाड झपाट्याने भरतं आणि घशाला भोक पाडणं टाळायचं असतं. तिथे थांबायचे दिवसही कमी असतात. माझा भाचा तान्हं बाळ नाही. पाचवीत आहे.

आता टॉवेल. ताणाने हाड वाढतं, याचा अर्थ अखंड हाड रबरासारखं लांबतं असा नाही. आधी हाड कापावं लागतं, मग त्या ताज्या फटीत हे सगळं घडतं. न कापलेल्या जबड्याला टॉवेल बांधून ओढलं तर कानापुढचा सांधा दुखावेल, बाकी काही नाही. हो, भार पडला की हाड जाड होतं हे खरं. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड भरतं. पण जाड होणं वेगळं आणि मोठ्या माणसाची हनुवटी सेंटिमीटरभर पुढे येणं वेगळं. कडक च्युइंगम चघळून गालाचा स्नायू फुगतो, त्याला जबडा वाढला म्हणत नाहीत. टॉवेलने जमत असतं तर 1973 साली कुत्र्याच्या जबड्यावर आधी प्रयोग करायची आणि 1992 साली न्यूयॉर्कच्या मॅकार्थी नावाच्या सर्जनने चार मुलांचे जबडे लांबवल्याचं छापायची कुणाला गरज पडली असती?

'थांबण्याचा आठवडा' म्हणे बिलासाठी. अहो, भाचा त्यातले चार दिवस घरीच होता, पातळ खिमट खात. तो मऊ भराव धरायला पाच-सात दिवस लागतात. भरावच नाही तर ताणणार काय, हवा?

यंत्र लगेच काढण्याचंही तसंच. फिरवणं 16 दिवसांत संपेल. पण फटीतलं हाड तेव्हा कच्चं असतं, ओल्या सिमेंटसारखं. दोन ते तीन महिने यंत्र तसंच, न फिरवता ठेवायचं, एक्स-रेवर पांढरं भरलेलं दिसलं की काढायचं. सेंट्रिंग आधी काढलं की स्लॅबचं काय होतं, हे सिडकोत घर बांधलेल्या मामांना विचारा.

हाडजोडीच्या काढ्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. चुकीच्या वेगाला कुठलाच काढा पुरत नाही, आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांना न विचारता पोटात काही घालू नका.

त्या सकाळी बहिणीला फोनवरच धरून एक फेरा मोजून घेतला. किल्लीच्या दांड्यावर मी आधीच मार्करने खूण केली होती. खूण बाणापाशी परत आली की फेरा पूर्ण, किल्ली बाहेर. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बरोबरची खूण. सकाळची निळी, संध्याकाळची लाल. चुकून सुटलेला फेरा दुसऱ्या दिवशी दुप्पट फिरवून भरायचा नाही, आधी सर्जनना फोन करायचा, हेही त्यांनीच बजावलंय.

मामींना हे सगळं सांगितलं. थोड्या रुसल्या. "मेलं चांगल्यासाठीच पाठवते," म्हणाल्या. सर्जनना विचारून घेतलं आणि मग मामींना कळवलं, की डिंकाचे लाडू चालतील, पण चावायचं बंद आहे, दुधात कुस्करून द्यावे लागतील. काल डबा आला. कॅलेंडरवर अजून सहा निळ्या आणि सहा लाल खुणा बाकी आहेत.