‘कावळ्याची गोष्ट ऐकवली, नकाशा कुठाय?’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. दोनच स्टार दिलेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तुमच्या मुख्य तक्रारी तीन: ‘नकाशाशी गट्टी’ या मुलांच्या वर्गाचे साडेचारशे रुपये घेतले आणि दोन तास कावळ्याचं चित्रपुस्तक दाखवलं, महाराष्ट्राचा एक जिल्हाही शिकवला नाही, आणि घरी ‘उत्तर कुठे?’ विचारल्यावर तिसरीतल्या तुमच्या मुलाने छताकडे बोट केलं.

छतापासून सुरुवात करते, कारण ती चूक सरळ माझी आहे. नकाशा भिंतीवर टांगला होता आणि मीच म्हणाले, “उत्तर वर, दक्षिण खाली.” मुलाने ऐकलं तेच केलं. तसं आपलं ‘वर’ तरी कुठे एका जागी असतं? कोकणातला माणूस घाटावर निघाला की ‘वर’ जातो, आणि तो जात असतो पूर्वेला! आता नकाशा जमिनीवरच अंथरतो. सकाळी मुलांना गच्चीत नेतो, उगवतीकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला, मग कागद त्या हाताप्रमाणे फिरवायचा. (सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो, पण तिसरीच्या पोरांना एवढं चालून जातं.) शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचं तोंड उत्तरेला, हेही सांगतो. पेठेतली मुलं ते होकायंत्रापेक्षा चांगलं लक्षात ठेवतात.

कावळ्याबद्दल मात्र थोडं भांडू द्या. ते पुस्तक आम्हीच हाताने रंगवलंय. पहिल्या पानावर अंगण समोरून दिसतं: विहीर, तुळशीवृंदावन, वाळवण राखत बसलेली आजी. कावळा कौलांवर बसतो, मग माडावर, मग आणखी उंच. विहिरीचं कडं होतं, वृंदावनाचा चौकोन होतो, आजीचा नुसता अंबाडा उरतो. शेवटच्या पानावर रेघा, खुणा आणि कोपऱ्यात कुठली खूण कशाची हे सांगणारी सूची. म्हणजे नकाशाच की! वरून बघणं हे मुलांना सगळ्यात जड जातं. स्टीलचा डबा वरून काढा म्हटलं की निम्मी मुलं झाकण गोल काढतात आणि त्याखाली उभा डबा जोडतात. तुमच्या मुलाच्या टेबलाचे चारही पाय बेडकासारखे बाहेर फाकले होते. मी काही बोलले नाही. तो स्टुलावर चढला, खाली बघत राहिला, उतरला आणि पाय खोडून टाकले. यात चांगली चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात छत्तीस जिल्ह्यांची नावं घोकून झाली असती, हे मान्य.

पण या वयाच्या मुलांना ‘आपण महाराष्ट्रात राहतो का?’ विचारून बघा. ‘नाही, पुण्यात’ असं ठामपणे सांगणारं एखादं निघतंच. पुणं महाराष्ट्राच्या पोटात आहे हे मनात बसल्याशिवाय आराखड्यात जिल्हे रंगवणं म्हणजे चित्रकलेचा तास, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं. आणि आमच्या जाहिरातीवर महाराष्ट्राचाच नकाशा छापला होता, त्यामुळे तुमची अपेक्षा चुकीची नव्हती. ते चित्र काढून टाकलंय.

नकाशाच्या प्रमाणाबद्दलही, म्हणजे खरं अंतर कागदावर किती लहान करायचं याबद्दलही तुम्ही लिहिलंय, ‘नुसतं चालायला लावलं’. मुलांनी खोलीची लांबी पावलांनी मोजली आणि एका पावलाला वहीतला एक चौकोन धरला. कुणाची अठरा पावलं, कुणाची बावीस. कुणाची खोली खरी यावरून जी भांडणं लागली, त्यातूनच कुणीतरी ‘पट्टी द्या’ म्हणालं. ते माझ्या तोंडून आलं असतं तर फुकट गेलं असतं.

उशिरा सुरू केल्याबद्दल माफी, कारण सांगत बसत नाही.

येत्या रविवारी सकाळी आठला गच्चीतला वर्ग आहे. मुलाला पाठवा, पैसे नकोत, तुम्हीही थांबा. यायचं नसेल तर पूर्ण फी परत करते, फक्त निरोप द्या. त्याने काढलेला घर ते शाळा हा कागद इथेच राहिलाय. त्यात शाळेपेक्षा कोपऱ्यावरची वडापावची गाडी मोठी आहे आणि सूचीत तिच्यासाठी वेगळी खूण आहे. जपून ठेवलाय.